मनगटावरचे सोने

सोन्याचे मोल ठरवण्याची महाराष्ट्रातली रीत पिढ्यान्‌पिढ्या एकच आहे: आधी वजन पाहायचे, मग कस, आणि शेवटी त्या दिवसाचा भाव. पाटल्या, गोठ, मोहनमाळ असा कोणताही दागिना सराफाच्या काट्यावर चढला की घडणावळ बाजूला पडते आणि धातूचे वजन तेवढे उरते. दागिना ‘मोडणे’ हा शब्दच सांगतो की त्याची घडण तात्पुरती आणि त्यातले सोने कायमचे मानले गेले आहे. चावी देऊन चालणारे सोन्याचे मनगटी घड्याळ मात्र या हिशेबात बसत नाही. त्यात सोन्याचे काम कवचाचे असते, आणि मोल ठरते ते कवचाच्या आतले यंत्र, त्यावरची तबकडी आणि या दोहोंचा अस्सलपणा यांवर. अशा घड्याळांचा संग्रह करू पाहणाऱ्याला हे दोन हिशेब वेगळे करता आले पाहिजेत. उमेळे, नायगाव, वसई, विरार या पट्ट्यातल्या, मुंबईच्या नोकरीधंद्याशी पिढ्यान्‌पिढ्या बांधल्या गेलेल्या घरांनाही हे ज्ञान उपयोगी आहे, कारण एखादे जुने घड्याळ कपाटातून निघाले की त्याची पहिली भेट बहुतेक वेळा सराफाशीच होते.

साध्या आकड्यांनी हा फरक स्पष्ट होतो. विसाव्या शतकाच्या मध्यावरचे एखादे पातळ, पुरुषांनी वापरायचे सोन्याचे घड्याळ घेतले आणि त्याच्या बाहेरच्या कवचात एक जुना तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, १८ कॅरटचे सोने आहे असे धरले, तर त्यातले शुद्ध सोने पाऊण तोळा, म्हणजे सुमारे ८.७५ ग्रॅम भरते. सराफ पैसे देईल ते एवढ्याचे. तेच घड्याळ एखाद्या नामांकित स्विस घराण्याचे असेल, त्याची तबकडी मूळची असेल आणि यंत्रावरचा क्रमांक कवचाशी जुळत असेल, तर जाणकार त्याला धातूच्या कित्येक पट किंमत देतो; उलट यंत्र बदललेले आणि तबकडी नव्याने रंगवलेली असेल, तर सोने तेवढेच असूनही संग्राहकाच्या लेखी ते जवळजवळ मोडच ठरते.

यंत्राला एवढे महत्त्व का, हे कळण्यासाठी त्याचे काम समजून घ्यावे लागते. मुंबईतले घड्याळजी यंत्राला सरळ ‘मशीन’ म्हणतात. चावी फिरवली की एका बंद डबीतली पोलादी पट्टी गुंडाळली जाते आणि उलगडण्याच्या धडपडीत ती दातेरी चाकांच्या साखळीला शक्ती पुरवते. ही शक्ती मोकळी सोडली तर चाके क्षणात गरगरून थांबतील, म्हणून साखळीच्या शेवटी एक अडसर असतो, जो शेवटच्या चाकाला एका वेळी एकच दाता पुढे सरकू देतो. हा अडसर उघडमीट करतो ते बॅलन्स नावाचे छोटे चाक, आणि केसाहून बारीक अशा वळ्यांच्या स्प्रिंगमुळे ते एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे असे अखंड झुलत राहते. जुन्या उत्तम घड्याळांत या झोक्यांची संख्या बहुधा तासाला १८,०००, म्हणजे सेकंदाला ५ असते. पुढच्या काळातील अनेक घड्याळांत ती २८,८००वर गेली. कानाला ऐकू येणारी टिकटिक म्हणजे हाच अडसर दात्यावर आपटल्याचा आवाज. जिथे आस सतत फिरतो तिथे झीज होऊ नये म्हणून माणकाचे बारीक मणी बसवलेले असतात, आणि तबकडीवर लिहिलेले ‘१७ ज्वेल्स’ म्हणजे असे सतरा मणी. ही माणके दागिन्यातली नसतात. ऑगुस्त व्हर्नॉय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९०२मध्ये कृत्रिम माणिक तयार करण्याची रीत जाहीर केली, तेव्हापासून ती स्वस्त झाली आहेत. केवळ मण्यांच्या संख्येवरून घड्याळ मौल्यवान मानणारा ग्राहक म्हणूनच फसतो.

बॅटरी नसलेले हे सगळे यंत्र एकदा चावी दिल्यावर साधारणपणे दीड दिवस चालते. चांगल्या यांत्रिक घड्याळाच्या अचूकतेची अधिकृत स्विस कसोटी अशी आहे की दिवसाकाठी त्याची सरासरी चूक ४ सेकंद मागे किंवा ६ सेकंद पुढे यांहून अधिक असू नये. दिवसात ८६,४०० सेकंद असतात हे लक्षात घेतले, तर स्प्रिंग आणि पितळी चाकांकडून मिळवलेला हा नेमकेपणा माणसाच्या हाताच्या मोठ्या कामगिऱ्यांपैकी एक आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. श्रेष्ठ घराण्यांची यंत्रे आणखी पुढे जातात: जे भाग वापरणाऱ्याला कधीच दिसणार नाहीत त्यांच्याही कडा घासून, उतरत्या करून चमकवलेल्या असतात, पट्ट्यांवर समांतर रेघांची नक्षी असते, आणि स्क्रूची डोकी आरशासारखी असतात. संग्राहक भिंग घेऊन मागचे झाकण उघडतो ते हे पाहण्यासाठी.

आता कवचाकडे वळायचे. दागिन्यांचे सोने आपल्याकडे बहुधा २२ कॅरटचे, म्हणजे १००० भागांत ९१६ भाग शुद्ध असते. पण तेवढे सोने मऊ असल्याने घड्याळाच्या कवचाला ते निरुपयोगी ठरते, कारण कवच चेपले की आतले यंत्र अडते. म्हणून घड्याळात १८ कॅरट (७५०), १४ कॅरट (५८५) आणि जुन्या ब्रिटिश कवचांत ९ कॅरटही (३७५) सोने आढळते. उरलेला भाग चांदी आणि तांब्याचा असतो. तांबे वाढले की सोने गुलाबी होते, आणि पॅलेडियम किंवा निकेल मिसळले की पांढरे. हे आकडे मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूस कोरलेले असतात. १८८०च्या स्विस कायद्याखाली तपासल्या गेलेल्या कवचांवर १८ कॅरटसाठी हेल्व्हेशिया या स्त्रीमूर्तीचे मस्तक आणि १४ कॅरटसाठी खारीचे चित्र उमटवले जाई. १९९५पासून त्यांच्या जागी सेंट बर्नार्ड कुत्र्याचे डोके आले. या तीन चिन्हांची ओळख पटली तरी नवख्या संग्राहकाचे अर्धे धोके टळतात.

याउलट झाकणावर ‘१० माइक्रॉन’ किंवा ‘२० माइक्रॉन’ असे लिहिलेले असेल तर तो मुलामा होय. एक माइक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजे २० माइक्रॉनचा जाड मानला जाणारा मुलामाही मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढाच असतो. ‘रोल्ड गोल्ड’ हा मराठी घरांत परिचित शब्दही घनसोन्याचा नव्हे. त्यात साध्या धातूवर सोन्याचा पातळ पत्रा दाबून बसवलेला असतो. पट्टा अडकवण्याच्या चार कानांच्या टोकांवर आणि चावीच्या आसपास अशा घड्याळांचा पिवळेपणा प्रथम जातो व खालचे पितळ किंवा पांढरट धातू डोकावू लागतो, आणि ओळखण्याची हीच सर्वांत सोपी जागा आहे. अस्सल सोने कितीही झिजले तरी आतून सोनेच निघते.

आता अशा घड्याळांच्या इथल्या इतिहासाकडे. वसईच्या किनाऱ्याला मिनिटांचा हिशेब शिकवला तो रेल्वेने. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी सुटली, आणि बागायत, मासेमारी, मिठागरे यांच्या काळाने चालणाऱ्या या भागाला गाडीच्या वेळेशी जुळवून घ्यावे लागले. त्यातही एक गुंता होता: १९०६मध्ये भारतीय प्रमाणवेळ सुरू झाल्यावरही मुंबई शहराने आपली स्वतंत्र ‘बॉम्बे टाइम’ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सोडली नाही, आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. स्विस घड्याळांचा व्यापार रेल्वे आली त्याच सुमारास मुंबईत रुजला. १७३७पासून घड्याळे करणाऱ्या फेवर-ल्युबा या घराण्याने १८६५मध्ये भारतीय बाजारपेठेत प्रवेश केला आणि मुंबई हे आपले ठाणे केले, आणि त्यानंतरच्या शतकात हे नाव भारतातल्या मध्यमवर्गाला स्वित्झर्लंडमधल्या कित्येकांपेक्षा जवळचे झाले. वेस्ट एंड वॉच कंपनी हे १८८६पासूनचे नाव तर मुख्यतः मुंबई आणि कलकत्त्याच्या ग्राहकांसाठीच होते. तिच्या घड्याळावरचे ‘सोवार’ हे नाव म्हणजे आपला ‘स्वार’ होय.

त्या काळी सोन्याचे घड्याळ फार थोड्यांना परवडे, आणि ते बहुधा खिशातले, साखळीला अडकवलेले असे. मनगटी घड्याळ पुरुषांनी सर्वत्र स्वीकारले ते पहिल्या महायुद्धानंतर, आणि संग्राहक ज्याला शिष्ट, अभिजात सोन्याचे घड्याळ म्हणतात त्याचा साचा १९३०च्या दशकात घडला. पातेक फिलिप या स्विस घराण्याचे १९३२चे ‘कॅलात्रावा’ हे त्याचे ठळक उदाहरण: गोल, सपाट, कोणतीही सजावट नसलेले. ओमेगाचे ‘कॉन्स्टेलेशन’ १९५२मध्ये आले, आणि रोलेक्सचे वार व तारीख दाखवणारे ‘डे-डेट’ १९५६मध्ये, ते केवळ सोने किंवा प्लॅटिनम या मौल्यवान धातूंतच.

भारतात नेमक्या याच घड्याळांच्या सुवर्णकाळात दारे बंद झाली. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी आयातीवर कडक निर्बंध आले. १९६२च्या सीमाशुल्क कायद्यातील कलम १२३ने सोने आणि घड्याळे यांना एकाच ओळीत बसवले, आणि तस्करीच्या संशयावरून जप्त झालेली वस्तू तस्करीची नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे ती सापडली त्याच्यावर टाकली. जानेवारी १९६३मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आली. १९६८मध्ये त्याचा स्वतंत्र कायदा झाला आणि तो १९९०मध्ये रद्द होईपर्यंत टिकला. भारतात आढळणाऱ्या जुन्या सोन्याच्या घड्याळांकडे खरेदीची पावती, मूळ डबी, हमीपत्र असे काही बहुधा नसते, त्यामागे हा इतिहास आहे. ज्या काळात वस्तू जवळ असणेच संशयाचे कारण होते, त्या काळात कागद जपण्याची सवय कशी लागणार? परदेशी संग्राहक कागदपत्रांच्या पूर्ण संचाला जे महत्त्व देतात ते जसेच्या तसे इथे लावणे म्हणूनच न्याय्य नाही.

सर्वसामान्यांची गरज भागवली ती सरकारी एचएमटीने. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१मध्ये बंगळूरला तिचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला, आणि ‘जनता’, ‘पायलट’, ‘कोहिनूर’ ही नावे घरोघर पोहोचली. लग्नात जावयाला अंगठीबरोबर घड्याळ देण्याची प्रथा तिच्यामुळे साध्या घरांनाही पाळता आली. ‘सोना’ आणि ‘कांचन’ या तिच्या सोनेरी घड्याळांच्या नावात सोने असले तरी अंगावर मुलामाच होता. तरीही पातळ, देखणे ‘सोना’ संग्राहकाने आवर्जून घ्यावे अशा तोडीचे आहे. घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६मध्ये झाला, आणि त्यानंतर या घड्याळांची मागणी वाढली.

नवी घड्याळे मिळत नव्हती, सुटे भाग मिळत नव्हते, आणि जुनी घड्याळे बंद पडून चालणार नव्हते. या कोंडीतून मुंबईच्या घड्याळजींनी एक कसब निर्माण केले, ज्याला आज जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. एका घड्याळाचे कवच, दुसऱ्याचे यंत्र, तिसऱ्याचे काटे घेऊन चालते घड्याळ उभे करायचे, आणि डागाळलेली तबकडी घासून, नव्याने रंगवून तिच्यावर कंपनीचे नाव पुन्हा छापायचे, असे ते काम. या शब्दात आज हेटाळणी आहे, आणि ती अर्धीच योग्य आहे. ज्या पिढीने हे काम सुरू केले तिच्यासमोर वस्तू चालती ठेवण्याचा प्रश्न होता, आणि तो तिने हाताच्या जोरावर सोडवला. ग्राहकाला घड्याळ मनगटावर चालायला हवे होते आणि ते चालले. फसवणूक सुरू झाली ती नंतर, जेव्हा असेच घड्याळ ‘मूळ अवस्थेतले’ म्हणून अनभिज्ञ ग्राहकाला विकले जाऊ लागले. दुरुस्ती आणि लबाडी यांतली रेषा विक्रेत्याच्या तोंडच्या वाक्यावरून जाते, घड्याळजीच्या कुंचल्यावरून नव्हे.

अशी तबकडी ओळखण्यासाठी भिंग आणि धीर पुरेसा असतो. मूळ छपाईत अक्षरांच्या कडा धारदार आणि सर्व अक्षरांची जाडी सारखी असते. पुनर्छपाईत ती फुगलेली, किंचित वाकडी, एका ओळीत नसलेली दिसतात. मिनिटांच्या खुणा तासांच्या ठोकळ्यांशी जुळत नाहीत, किंवा काटा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. त्या कंपनीने कधी वापरलेच नाहीत असे भडक निळे, लाल, हिरवे रंग दिसतात. साठ वर्षांच्या घड्याळाची तबकडी काल छापल्यासारखी पांढरीशुभ्र असेल, तर आनंदाआधी शंका यायला हवी. कालमानाने हस्तिदंती झालेल्या, कडेला जरा काळवंडलेल्या मूळ तबकडीला जाणकार अधिक किंमत देतात, आणि ते योग्यच आहे, कारण ती एकदाच होऊन गेलेली वस्तू आहे.

यांत्रिक घड्याळांवरचा सर्वांत मोठा घाला जपानमधून आला. २५ डिसेंबर १९६९ रोजी सायकोने टोकियोत ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे क्वार्ट्‌झ स्फटिकाच्या कंपनांवर आणि बॅटरीवर चालणारे पहिले मनगटी घड्याळ विक्रीला काढले. त्याची किंमत साडेचार लाख येन होती आणि कवच १८ कॅरट सोन्याचे होते. पुढच्या दीड दशकात स्विस घड्याळधंद्यातील कामगारांची संख्या सुमारे ९० हजारांवरून ३० हजारांच्या आसपास आली. याच काळात, जानेवारी १९८०मध्ये, सोन्याचा जागतिक भाव औंसाला ८५० डॉलरपर्यंत चढला, आणि युरोप-अमेरिकेत असंख्य सोन्याच्या घड्याळांची कवचे वितळवली गेली. उघडी पडलेली यंत्रे, ज्यांत दोनशे वर्षांचे कसब साठले होते, कवडीमोलाने विकली गेली. आज बाजारात दिसणारी कितीतरी एकाकी यंत्रे आणि परक्या कवचात बसवलेली यंत्रे या वितळवणीचे अवशेष आहेत. सोन्याचा भाव चढला की हा धोका पुन्हा उभा राहतो.

धातूचे मोल किती दुय्यम असते हे लिलावांनी नंतर दाखवून दिले. पातेक फिलिपच्या ‘१५१८’ क्रमांकाच्या, १९४१मध्ये आलेल्या घड्याळाच्या सुमारे २८० प्रती निघाल्या, त्यांतल्या बहुतेक सोन्याच्या, आणि साध्या पोलादाच्या अवघ्या चार ज्ञात आहेत. त्यांपैकी एक २०१६मध्ये जिनिव्हात १ कोटी १० लाख स्विस फ्रँकांना गेली. २०१९मध्ये याच घराण्याच्या एका घड्याळाला धर्मादाय लिलावात ३ कोटी १० लाख फ्रँक मिळाले, आणि त्याचेही कवच पोलादाचेच होते. सोने दुर्मीळ असते, पण घड्याळांच्या जगात ते पोलादाहून विपुल ठरू शकते.

नव्याने संग्रह करणाऱ्याने मोठ्या नावांमागे धावण्याचे कारण नाही. मूळ अवस्थेतले एखादे फेवर-ल्युबा किंवा चांगले एचएमटी हाताळून, उघडून, त्याच्या यंत्राची ओळख करून घेतली की नजर तयार होते. मुंबईच्या चोर बाजारात ही नजर नसताना केलेली खरेदी बहुधा महाग पडते. फेवर-ल्युबा हे नाव पुढे २०११मध्ये टाटांच्या टायटनने विकत घेतले आणि नंतर ते पुन्हा दुसऱ्या हाती गेले, यावरूनही भारताशी असलेले त्याचे नाते कळते.

वसईसारख्या किनाऱ्यावर जपणुकीचा प्रश्न अधिक बिकट असतो. सोने गंजत नाही, पण त्याच्या आतली पोलादी स्प्रिंग, स्क्रू आणि चावीचा दांडा गंजतात, आणि जुन्या सोन्याच्या घड्याळांची नुसती दाबून बसवलेली झाकणे पावसाळ्यातली दमट, खारी हवा अडवू शकत नाहीत. काचेच्या आत एकदा जरी वाफ दिसली तरी घड्याळ त्याच दिवशी घड्याळजीकडे न्यावे; आठवडाभराच्या ओलीने जे बिघडते ते पन्नास वर्षांच्या वापरानेही बिघडत नाही. कपाटात ठेवताना ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या सोबत ठेवाव्यात. आतले तेल वर्षांगणिक घट्ट होते, म्हणून न वापरलेल्या घड्याळालाही चार-पाच वर्षांनी सफाई आणि ऑइलिंग लागतेच. तारखेचे घड्याळ असेल तर रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारीख हाताने बदलू नये, कारण तेव्हा तारीख सरकवणारे चाक आधीच गुंतलेले असते. घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटे पुढे जाऊ लागले तर बहुधा ते लोहचुंबकाच्या प्रभावाखाली आलेले असते, आणि घड्याळजी ते काही क्षणांत दूर करतो. आणि पॉलिश कधीही करू नये. सराफाच्या फिरत्या चाकावर मिनिटभरात कवचाच्या धारदार कडा गोल होतात, कानांवरचे शिक्के पुसट होतात, आणि गेलेले सोने व गेलेला आकार दोन्ही परत येत नाहीत.

घरात आजोबांचे, काकांचे, परदेशातून कुणी आणलेले एखादे पिवळे, बंद पडलेले घड्याळ असेल, तर ते मोडीत देण्याआधी एकदा अनुभवी घड्याळजीसमोर बसून मागचे झाकण उघडून घ्यावे, आतले शिक्के आणि क्रमांक यांचे फोटो काढावेत, आणि ते कोणाचे, कोठून, कोणत्या वर्षी आले हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहून त्याच डबीत ठेवावे.